नव्व्याण्णव मेंढरांचं काय?

आठ वर्षांच्या मुलाला कॅथलिक धर्मातली कोणती गोष्ट समजावणं सगळ्यात अवघड, असं विचारलं तर बहुतेक मोठी माणसं एकच उत्तर देतील : गव्हाची ती पातळ चकती ख्रिस्ताचं शरीर होते, ही. साहजिक आहे. या एका मुद्द्यावरून युरोपातल्या पंडितांनी शेकडो वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. आमच्या वर्गात मात्र हा विषय पाच मिनिटांत आटोपतो. छोटा भीम एक लाडू खातो आणि अख्खी टोळी लोळवतो, हे ज्याने रोज संध्याकाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, त्याला देवाने भाकरीत यायचं ठरवलं यात नवल ते काय वाटणार? देव आहे ना? मग येईल की. पुढे सांगा, टीचर.

मुलं अडतात ती भलत्याच ठिकाणी.

वसईतल्या आमच्या धर्मग्रामात मी पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलांचा, वर्ग घेते. रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या मागच्या हॉलमध्ये मुलं जमतात. जमतात म्हणजे आणून सोडली जातात. 1542 साली गोव्यात उतरलेले संत फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून फिरत आणि मुलं गोळा झाली की त्यांना प्रार्थना चालीवर म्हणायला शिकवत. मला घंटेची गरज पडत नाही. आया स्कूटीवरून मुलं उतरवतात आणि तासाभराच्या मोकळ्या वेळेकडे अशा काही वेगाने निघून जातात, की त्यांची भक्ती आपल्या वर्गावर आहे की त्या तासावर, हे विचारायची सोय नसते. झेवियर काय किंवा 1616 साली छापून निघालेलं ख्रिस्तपुराण ओव्यांतून रचणारे फादर थॉमस स्टीफन्स काय, या थोरांबद्दल मला आदर आहेच. पण त्यांच्या विद्यार्थ्यांना रविवारी सकाळी क्रिकेटचं कोचिंग नव्हतं, एवढं नम्रपणे नोंदवून ठेवते.

सुरुवात सात संस्कारांपासून होते. बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा, विवाह. ते सातच, ना कमी ना जास्त, हे ट्रेंटच्या धर्मसभेने 1547 साली ठासून सांगितलं. सात म्हटलं की मुलांचे डोळे लकाकतात, कारण सात म्हणजे सातही मिळवायचे.

‘‘टीचर, सगळे सात कुणाला मिळालेत?’’

तसं अवघडच, मी म्हणते. आपल्याकडे फादर लग्न करत नाहीत, लग्न केलेले फादर होत नाहीत. मात्र एखाद्याची पत्नी वारली आणि त्याने पुढे गुरुदीक्षा घेतली, तर त्याचे सात होऊ शकतात.

‘‘म्हणजे आधी बायको मरायला पाहिजे?’’ मागच्या बाकावरून आवाज येतो. मग पहिल्या बाकावरची मुलगी, जी कधीही हात वर केल्याशिवाय बोलत नाही, ती हात वर करून विचारते, ‘‘आणि मुलींना?’’

मुलींना सहा.

‘‘का?’’

हा ‘का’ रोमपर्यंत जाऊन आलेला आहे आणि तिथून त्याला ‘नाही’ असं उत्तरही मिळालेलं आहे. पण ते उत्तर सांगितलं असतं तर तिने फक्त दुसरा ‘का’ काढला असता, हे मला तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. मी सगळ्यांना सातही नावं वहीत शुद्ध लिहून काढायला सांगितली. शिक्षकाला अडचणीतून सोडवण्यासाठी शुद्धलेखनासारखं साधन नाही.

बाप्तिस्म्याच्या धड्याला मजा असते, पण तो जपून शिकवावा लागतो. कारण आणीबाणीच्या वेळी बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं. पाणी हवं, ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो’ हे शब्द हवेत, आणि चर्च जे करतं तेच करण्याचा हेतू हवा. देणारा स्वतः ख्रिस्ती नसला तरी चालतं. ही माहिती आठ वर्षांच्या मुलाच्या हाती पडली की पुढच्या रविवारी अहवाल येतात. एका वर्षी एक कुत्र्याचं पिल्लू, दोन बाहुल्या आणि आरामखुर्चीत डुलकी लागलेले एक आजोबा अशी यादी होती. पिल्लाचा आणि बाहुल्यांचा प्रश्नच नव्हता. आजोबांचा बाप्तिस्मा सत्तरेक वर्षांपूर्वीच झालेला, आणि तो दुसऱ्यांदा होत नाही. त्यामुळे ते नुसतेच भिजले.

या खेळाला फार जुनी परंपरा आहे म्हणून मी रागावत नाही. चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाची एक कथा रुफिनस नावाच्या लेखकाने लिहून ठेवली आहे. तिथल्या बिशपांना समुद्रकिनाऱ्यावर काही पोरं चर्च-चर्च खेळताना दिसली. एकजण बिशप झाला होता आणि बाकीच्यांना बाप्तिस्मा देत होता. खऱ्या बिशपांनी सगळ्यांना बोलावून चौकशी केली : काय विचारलंस, त्यांनी काय उत्तर दिलं, पाणी कसं घातलंस? सगळं इतकं नीट झालेलं निघालं, की हा बाप्तिस्मा पक्का, पुन्हा द्यायची गरज नाही, असा त्यांनी निकाल दिला. तो खेळातला बिशप पुढे खराखुरा बिशप झाला : संत अथनेशियस. खरं-खोटं इतिहासकार जाणोत. माझ्या वर्गात मात्र ही गोष्ट सांगितली की मे महिन्यात कळंबच्या किनाऱ्यावर काय काय होईल याची मला धास्ती असते.

आणि गंमत म्हणजे मुलांना आवडतो तो गोष्टीतला समुद्र नाही, त्यातला निकाल. निकाल उलटा लागला तरीही. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमधल्या एका तरुण धर्मगुरूने आपल्याच बाप्तिस्म्याचा जुना व्हिडिओ पाहिला होता. त्यात बाप्तिस्मा देणारा ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हणत होता. 2020 साली व्हॅटिकनने स्पष्ट केलं की ‘आम्ही’ चालत नाही. म्हणजे याचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता, म्हणून दृढीकरण नव्हतं, म्हणून गुरुदीक्षाही नव्हती. बिचाऱ्याला सगळं पहिल्यापासून घ्यावं लागलं. मोठ्या माणसांना ही हकीकत सांगितली की ती कपाळाला हात लावतात. माझ्या वर्गाने एकमुखाने मान डोलावली. बरोबरच आहे, आऊट म्हणजे आऊट. एकाने तर विचारलं, ‘‘मग त्याने तोपर्यंत दिलेली कन्फेशनं?’’ हा मुलगा पुढे वकील होणार, किंवा कार्डिनल.

नियम, अटी, अपवाद यांत मुलांना जो रस असतो तो भल्याभल्या धर्मपंडितांत नसेल. आजीच्या लहानपणी कम्युनियन घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे आणि सकाळच्या मिस्सेला एखादं पोर चक्कर येऊन पडे, हे त्यांना फार आवडतं. 1957 साली हा उपास तीन तासांवर आला आणि 1964 साली एका तासावर. आता पाणी आणि औषध तर केव्हाही चालतं. मग च्युइंग गम? चावला पण गिळला नाही तर? दात घासताना पेस्ट पोटात गेली तर? पेस्ट हे औषध आहे का? दृढीकरणाच्या वेळी बिशप गालावर हलकीशी चापट मारत आणि 1971 नंतर ती बंद झाली, हे सांगितल्यावर वर्गात सरळसरळ हळहळ व्यक्त झाली.

ख्रिस्तप्रसादाच्या बाबतीतही अडलं ते पिठावर. भाकर फक्त गव्हाची चालते, असं सांगितल्यावर शेतकऱ्याच्या घरातली एक मुलगी गोंधळली. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तांदळाची भाकरी. येशूला तांदळाची आवडत नाही का? येशूच्या देशात गहू पिकायचा, त्याने शेवटच्या भोजनात जे घेतलं तेच आपण घेतो, असं मी सांगितलं. ‘‘आणि वाइन?’’ द्राक्षाची. ‘‘नाशिकच्या द्राक्षांची चालेल?’’ चालेल. वर्गाचा जीव भांड्यात पडला. महाराष्ट्राला अगदीच वगळलेलं नव्हतं.

एवढ्या लहान मुलांना ख्रिस्तप्रसाद द्यावा हेही काही फार जुनं नाही. पूर्वी दहा, बारा, कुठे चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलांना थांबावं लागे. 8 ऑगस्ट 1910 रोजी पोप दहावे पायस यांच्या काळात निघालेल्या हुकुमाने हे वय साधारण सातवर आणलं. अट सोपी होती. साध्या भाकरीत आणि या भाकरीत फरक आहे, एवढं मुलाला कळलं म्हणजे पुरे. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात नेली नावाची एक आजारी, पोरकी मुलगी होती. जोगिणींच्या आश्रमात असताना तिने चार वर्षांची असतानाच प्रसादासाठी हट्ट धरला, तो पुरवला गेला आणि 1908 साली ती वारली. तिची हकीकत ऐकून पोपसाहेबांनी मनाशी निर्णय पक्का केला, असं सांगतात. मी दहाव्या पायसना मनापासून मानते. फक्त त्या हुकुमाने मुलांना ख्रिस्तप्रसादाबरोबर आणखी एक गोष्ट लवकर दिली, आणि तिच्याबद्दल मला त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे होते. कम्युनियनच्या आधी कन्फेशन येतं, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली.

तर आता अडतं ते इथे.

पहिली अडचण म्हणजे माल नसतो. आठ वर्षांच्या मुलाकडे पापं असून असून किती असणार? म्हणून वर्गात दहा आज्ञा घेऊन एकेक तपासायची असते. खोटं बोललास? होय. आईबाबांचं ऐकलं नाहीस? होय. सहावी आज्ञा आली की मी ‘हे मोठ्या माणसांसाठी आहे’ असं म्हणून पुढे जाते. त्यावर कोणीतरी हमखास विचारतं, मग आम्हाला पाठ का करायला लावता? शेवटी यादी तयार होते, आणि ती शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेतलेली असते. एका वर्षी सलग चौघांनी ‘आजीला उलट बोललो’ असं लिहिलं होतं. त्यातल्या दोघांना आजी नव्हती.

स्वतःची पापं अशी उसनी आणावी लागतात. दुसऱ्याची मात्र तोंडपाठ असतात. भावाने काय केलं, बाकावरच्या मैत्रिणीने काय केलं, आत्या मम्मीबद्दल काय बोलली, सगळं तारीखवार. एकदा एक मुलगा भली मोठी यादी घेऊन आला. मी कौतुकाने पाहिली, तर ती त्याच्या मोठ्या बहिणीची होती. ती स्वतःहून सांगणार नाही, म्हणून याने जबाबदारी घेतली होती.

दुसरी अडचण गुप्ततेची, पण ती लवकर सुटते. फादर मम्मीला सांगतील का? नाही. पोलिसांना? नाही. बिशपांना? नाही. तुम्हाला? मला तर नाहीच. कन्फेशनमध्ये ऐकलेलं जो धर्मगुरू फोडील त्याला चर्च बहिष्कृत करतं. मग प्रागच्या जॉन नेपोमुकची गोष्ट होते. राणीने कन्फेशनमध्ये काय सांगितलं ते त्याने राजाला सांगितलं नाही म्हणून राजाने त्याला नदीत बुडवून मारलं, अशी परंपरा. 1393 साल. यावर वर्ग खूश. नेपोमुकवर विश्वास बसला की फादरांवर बसतो.

खरी अडचण तिसरी, आणि तिच्यावर माझ्याकडे संत नाही. मुलांना क्षमा पटत नाही.

ऐकायला विचित्र वाटेल. आपण समजतो, मुलं निर्मळ, भांडतात आणि लगेच विसरतात. विसरत असतील, पण तत्त्व म्हणून सोडत नाहीत. हरवलेल्या मेंढराची गोष्ट मी दरवर्षी मोठ्या प्रेमाने सांगते. शंभर मेंढरं, एक हरवतं, मेंढपाळ नव्व्याण्णवांना रानात सोडून त्या एकाला शोधायला जातो, सापडल्यावर खांद्यावर घेऊन येतो. माझा आवाज कातर होतो. आणि वर्गातून प्रश्न येतो, ‘‘नव्व्याण्णव मेंढरांचं काय? त्यांच्याकडे कोण बघत होतं?’’ मागून दुसरा म्हणतो, बिबट्या आला तर? आता वसईत किल्ल्याच्या बाजूला बिबट्या दिसल्याच्या बातम्या मुलांनीही ऐकलेल्या असतात. त्यांच्या लेखी ही शंका पुस्तकातली नाही.

उधळ्या पुत्राचं तर बघायलाच नको. बापाने धावत जाऊन मिठी मारली इथपर्यंत ठीक. पण नंतर? मोठा भाऊ शेतावर राबतोय, घरी गाणी-नाच चाललंय आणि त्याला कोणी बोलवायलाही गेलं नाही, नोकराकडून कळलं. ‘‘फोन तरी करायचा!’’ हे मुलांनी पकडलं. लूकच्या शुभवर्तमानात हे असंच आहे, पण मी स्वतः इतक्या वेळा वाचूनही त्या मोठ्या भावाच्या बाजूने कधी उभी राहिले नव्हते. माझा वर्ग अख्खाच्या अख्खा त्याच्या बाजूने उभा राहिला. फक्त पहिल्या बाकावरच्या त्या मुलीला आणखी एक पक्षकार सापडला होता. तिने हात वर केला. ‘‘टीचर, त्या वासराचं काय चुकलं होतं?’’

आणि मग द्राक्षमळ्यातले मजूर. सकाळपासून राबलेल्याला एक दिनार, संध्याकाळी पाच वाजता येऊन तासभर काम केलेल्यालाही एक दिनार. मालक म्हणतो, माझे पैसे, माझी मर्जी. ही गोष्ट मुंबईत कशी ऐकत असतील मला ठाऊक नाही, पण आमच्याकडे ज्यांच्या घरच्या केळीच्या वाड्या अजून टिकून आहेत, त्या मुलांना मजुरी म्हणजे काय हे चांगलं कळतं. एका चिरंजीवांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘‘मग दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला कोण येणार?’’ या दाखल्यावर मी आजवर ऐकलेल्या सगळ्या प्रवचनांत या प्रश्नाला हात घातलेलं एकही प्रवचन मला आठवत नाही.

रोममध्ये 1954 पासून सोफिया कावालेत्ती या बायबल-अभ्यासक बाईंनी, माँटेसरी पद्धतीत तयार झालेल्या जान्ना गोब्बी यांच्या सोबतीने, लहान मुलांना धर्म कसा शिकवावा यावर आयुष्यभर काम केलं. छोट्या लाकडी मेंढरांनी मुलं तासन्‌तास खेळतात आणि मेंढपाळ प्रत्येकाला नावाने हाक मारतो एवढ्यावरच हरखून जातात, असं त्यांना दिसलं. पाप, पुण्य, नियम हे सगळं नंतर. पण त्यांची ही मुलं तीन ते सहा वर्षांची होती. माझ्याकडे येतात ती आठची. तोपर्यंत शाळेत पहिला नंबर, दुसरा नंबर सुरू झालेला असतो, घरात धाकटं भावंड आलेलं असतं, आणि कोणाला आईस्क्रीमचा कप किती भरला हे डोळ्याने मोजायची दृष्टी तयार झालेली असते. शिवाय आमच्या वर्गातही वेळेवर येणाऱ्याला वहीत स्टिकर मिळतं, आणि ठरावीक स्टिकर झाली की जपमाळ बक्षीस. देवाची कृपा फुकट मिळते हे ज्या वहीत लिहून घ्यायचं, तिच्याच मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला ही स्टिकर चिकटवलेली असतात.

मला वाटतं, मुलांचं फारसं चुकत नाही. क्षमा ही गोष्ट ज्याला ती हवी असते त्यालाच कळते, आणि आठव्या वर्षी बहुतेकांना ती अजून हवी झालेली नसते. त्यांना हिशेब हवा असतो. मोठ्या माणसांची रांग कन्फेशनपाशी का लागते, विशेषतः पवित्र आठवड्यात, याचं उत्तर वर्गात देता येत नाही. ते चाळिशीपर्यंत आपोआप मिळतं. तोवर मुलांना रांगेत उभं कसं राहायचं, गुडघे कुठे टेकायचे, पश्चात्तापाची प्रार्थना अडली तर घाबरायचं नाही, एवढं शिकवायचं. शरीराला रस्ता पाठ असला की मन त्याला सवडीने गाठतं, असं माझं मत आहे. दुसरी एक टीचर म्हणते की हे म्हणजे पाठांतराचंच समर्थन झालं. असेल.

पहिल्या कन्फेशनच्या दिवशी गर्दी असते. आमच्या फादरांच्या मदतीला शेजारच्या धर्मग्रामातून आणखी दोघे आलेले असतात आणि चर्चमध्ये तीन रांगा लागतात. कोणत्या फादरांना कमी ऐकू येतं याची बातमी मुलांत आधीच पसरलेली असते, त्यामुळे एक रांग बरीच लांब होते. मुलं आत जाताना गंभीर असतात. बाहेर येतात ती थेट एकमेकांकडे, आणि प्रायश्चित्त म्हणून सांगितलेल्या प्रार्थनांचे भाव विचारायला सुरुवात होते.

‘‘तुला किती?’’

‘‘तीन नमो मरिया. तुला?’’

‘‘एक आमच्या बापा.’’

एका नमो मरियाला एक आमच्या बापा बरोबरीचं धरायचं की जास्तीचं, यावर काही काळ वाद झाला. आमच्या बापा लांब पडतं, असं बहुमत झालं. तेवढ्यात मागच्या बाकावरचा तो मुलगा, बायको मरायला पाहिजे का असं विचारणारा, हसत हसत बाहेर आला. त्याला फक्त एक नमो मरिया मिळाली होती. पहिल्या बाकावरची मुलगी, जिला तीन मिळाल्या होत्या, ती तरातरा माझ्याकडे आली. आज हात वर करायचं राहून गेलं.

‘‘टीचर, त्याने माझी पेन्सिल चोरली होती. त्याने आत सांगितलं, मला माहितीय, त्याच्या वहीत लिहिलेलं होतं. आणि त्याला एकच?’’

कोणाला किती द्यायचं ते फादर ठरवतात, मी म्हटलं. देवाने त्याला क्षमा केली आहे.

‘‘देवाची पेन्सिल नव्हती.’’

इथे मात्र चर्च तिच्या बाजूने आहे आणि ते तिला सांगताना मला बरं वाटलं. चोरलेली वस्तू परत करावी लागते, नुसती प्रार्थना म्हणून भागत नाही. मी त्या मुलाला बोलावलं. त्याने खिशातून पेन्सिल काढली. ती दोन्ही टोकांनी चावलेली होती. मुलीने ती बोटांच्या चिमटीत धरली, उलटसुलट पाहिली आणि त्याला परत दिली.

‘‘नवीन पाहिजे,’’ ती म्हणाली. ‘‘रबरवाली.’’